दहावी विज्ञान भाग १ : एआयकडून सराव प्रश्नपत्रिका काढताना नेमके कसे विचारायचे?

खडू_फळा
राज्य मंडळ, मराठी माध्यम. ‘उष्णता’ आणि ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ या दोन पाठांवर ४० गुणांची सराव प्रश्नपत्रिका हवी आहे, शिवाय मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळा सराव. मोफत चॅटबॉटला नुसते “प्रश्नपत्रिका काढ” म्हटले की गुणांची बेरीज जुळत नाही, भाषा हिंदीकडे झुकते आणि पाठात नसलेलेही प्रश्न येतात. विचारायची पद्धत कशी असावी? उत्तरपत्रिकांचे फोटो देऊन तपासणी होईल का?

आराखडा_४०
मॅडम, अख्खी प्रश्नपत्रिका एका दमात मागू नका. बेरीज चुकते ती विकल्पांमुळे. प्र. १ चे अ आणि ब मिळून १०, प्र. २ अ मध्ये तीनपैकी दोन शास्त्रीय कारणे (४ गुण), २ ब मध्ये पाचपैकी तीन (६), प्र. ३ मध्ये आठपैकी पाच (१५), प्र. ४ मध्ये दोनपैकी एक (५). छापलेल्या सगळ्या प्रश्नांचे गुण मोजले तर ६० होतात. बॉट कधी ६० धरतो, कधी ४०, आणि मध्येच प्रश्न गाळून हिशेब जुळवू पाहतो. म्हणून एका वेळी एकच उपप्रश्न मागा: “प्र. ३ साठी प्रत्येकी ३ गुणांचे १२ प्रश्न दे. प्रत्येकाखाली उत्तर आणि १-१ गुणाचे तीन मुद्दे लिही.” बारांतून आठ तुम्ही निवडायचे. बेरीज कागदावर तुम्हीच करा.

पाठाबाहेरचे प्रश्न टाळायचे तर पाठ्यपुस्तकाची पाने आधी द्या आणि प्रत्येक प्रश्नापुढे पान क्रमांक मागा. मग ते पान उघडून बघाच, कारण क्रमांकही मनाने दिलेला असू शकतो. पीडीएफमधला मजकूर कॉपी केल्यावर जोडाक्षरे फुटत असतील तर फाइल जुन्या (युनिकोड नसलेल्या) फॉन्टची आहे. तेव्हा पानाचे स्वच्छ चित्र द्या आणि पहिला परिच्छेद जसाच्या तसा लिहून दाखवायला सांगा. तिथेच चुकला तर पुढचे सगळे वाया.

प्रश्नपत्रिका छापखान्यात जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये जाणार असेल तर रूपांतरानंतर ‘दुसऱ्या’, ‘ऱ्हास’ असे शब्द आधी बघा. सगळ्यात आधी तेच मोडतात.

नाभीय_अंतर
भाषेचे औषध म्हणजे शब्दयादी. प्रत्येक नव्या संभाषणाच्या सुरुवातीला ती चिकटवा: उत्तल लेन्स नव्हे, बहिर्वक्र भिंग, फोकस दूरी नव्हे, नाभीय अंतर, द्रव्यमान नव्हे, वस्तुमान. भाग २ साठी कोशिका नव्हे, पेशी. ऊतक नव्हे, ऊती. वीसेक शब्द पुरतात. “शुद्ध मराठीत लिही” एवढ्याने काही होत नाही, उलट पुस्तकात नसलेले बोजड शब्द घडवले जातात.

भिंगांच्या उदाहरणांत जास्त धोका चिन्हांचा. समजा नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर. कार्टेशियन संकेतानुसार (भिंगापासून प्रकाशाच्या दिशेने मोजलेले अंतर धन, उलट दिशेचे ऋण) वस्तूचे अंतर −३०, म्हणून प्रतिमा +६० सेमीवर आणि विशालन −२, म्हणजे वास्तव, उलटी, दुप्पट. वस्तूचे अंतर +३० धरले की १२ सेमी येते. आकडा इतका नीटस असतो की घाईत नजरेतून सुटतो. म्हणून प्रत्येक उदाहरण हाताने सोडवा. बॉटला “तपासून बघ” म्हटले तर तो बरोबर उत्तरही बदलून बसू शकतो. किरणाकृती तर त्याच्याकडून मागूच नका. नाभीतून जाणारा किरण भलतीकडेच वळवतो.

खडू_फळा
शब्दयादी लगेच करते. मागे पडलेल्या मुलांच्या सरावाचे काय? आणि तपासणी?

चुकीचे_पर्याय
माझ्या मते एआयचा खरा उपयोग इथेच आहे. “बहुपर्यायी प्रश्न दे” असे न म्हणता “प्रत्येक चुकीचा पर्याय विद्यार्थ्याच्या एका ठरावीक गैरसमजातून यावा, तो गैरसमज पुढे लिही” असे सांगा. उदाहरणार्थ, ० अंश सेल्सिअसच्या ५ ग्रॅम बर्फाचे त्याच तापमानाचे पाणी करायला किती उष्णता लागेल? उत्तर ५ × ८० = ४०० कॅलरी. ‘०’ निवडणाऱ्याला वाटते, तापमान बदलत नाही म्हणजे उष्णता लागत नाही. ‘८०’ वाला वस्तुमानाने गुणायचे विसरला. ‘२७००’ वाल्याने बाष्पनाचा ५४० हा आकडा घेतला. ‘०’ वाल्यांना अप्रकट उष्मा (तापमान न बदलता अवस्था बदलायला लागणारी उष्णता) पुन्हा शिकवायला हवा. ‘८०’ वाल्यांना दोन-तीन गणिते पुरतात. असे १० प्रश्न गूगल फॉर्ममध्ये टाकले की कोणता पर्याय किती जणांनी निवडला ते थेट दिसते. पर्यायांचा क्रम बदला. बरोबर पर्याय बऱ्याचदा ‘ब’ किंवा ‘क’ वर पडतो आणि सगळ्यात लांबही तोच असतो.

उत्तरपत्रिकांच्या फोटोंवरून गुण देऊ नका. मराठी हस्ताक्षर वाचताना अडलेला शब्द बॉट अंदाजाने भरतो. मुलाने ‘अंतर्वक्र’ लिहिलेले असले तरी वाक्य जुळते म्हणून ‘बहिर्वक्र’ वाचू शकतो, म्हणजे शोधायची चूकच पुसली जाते. त्यापेक्षा १०-१२ उत्तरपत्रिका वाचून दिसलेल्या चुका स्वतः टाइप करा आणि त्यांचे गट व प्रत्येक गटासाठी चार सोपे प्रश्न मागा. तिथे नाव, हजेरी क्रमांक, सरल (शाळेच्या ऑनलाइन नोंदणीचा) किंवा आधार क्रमांक काहीही जाऊ देऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते.

आराखडा_४०
एक राहिले. बॉटने दिलेली आदर्श उत्तरे पुस्तकाहून लांब असतात. २ गुणांना चार ओळींची मर्यादा घालून द्या, नाहीतर मुले तेवढेच लिहायला जातात आणि प्र. ४ ला वेळ उरत नाही. पेपर दोनच तासांचा आहे.