गर्भपाताला नवऱ्याची सही: कायद्यात नाही, मग काउंटरवर कुठून आली?

सायली_पुणे: मावसबहिणीबरोबर एका खासगी हॉस्पिटलात गेले होते. आठवा आठवडा, मूल नको हे तिनं ठरवलेलं. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म आमच्याकडे फिरवला, तळाच्या ओळीला पेनानं गोल केला. "इथे मिस्टरांची सही." मिस्टर दुबईला. "मग सासऱ्यांची चालेल." सासऱ्यांची! १९७१ च्या कायद्याला सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते. ही ओळ छापली कोणी?

शल्यक: डॉक्टर आहे म्हणून सांगतो. ती सही कायद्यासाठी नसते, काचांसाठी असते. रात्री अकराला नवरा दहा माणसं घेऊन येतो, "मला न विचारता केलंच कसं?" डॉक्टरांवरच्या हल्ल्यांचा २०१० चा कायदा काच फुटल्यावर उपयोगी. शिवाय समर घोष खटल्यात (२००७) सुप्रीम कोर्टच म्हणालंय: वैद्यकीय कारण नसताना नवऱ्याला अंधारात ठेवून गर्भपात केला, तर तो मानसिक छळ ठरू शकतो.

सायली_पुणे: तो घटस्फोटाचा खटला होता हो. आणि त्या निकालातल्या छळाच्या यादीत नवऱ्यानं परस्पर नसबंदी करून घेणंही आहे. नसबंदीला आलेल्या पुरुषाला "मिसेसची सही आणा" म्हणता?

गोदाकाठ: नातेवाइकाच्या सहीनं डॉक्टर वाचतो, हेच मुळात खोटं. समीरा कोहली खटला बघा. दिल्ली, १९९५. अविवाहित, वय ४४, दुर्बिणीच्या तपासणीपुरती भूल दिलेली. बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, अंडाशय काढून मोकळे. कोर्ट म्हणालं, जिवावर बेतलेलं नव्हतं, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं होतं. निकाल २००८ चा. भरपाई २५,००० रुपये. (हो, हजारच.)

शल्यक: त्या आकड्यातच उत्तर आलं. तेवढी भरपाई परवडते, दवाखाना फुटलेला परवडत नाही. मी मधला मार्ग काढलाय: संमती बाईची, नवऱ्याला फक्त कळवतो.

गोदाकाठ: तिला विचारून?

शल्यक: तसं वेगळं विचारत नाही.

सायली_पुणे: मग गर्भपात कायद्याचं कलम ५अ वाचा, २०२१ च्या दुरुस्तीतलं. बाईचं नाव, तपशील भलत्याला सांगितले तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नवऱ्याला त्यात सूट नाही.

शल्यक: वाचतो. तुमच्या बहिणीचं काय झालं?

सायली_पुणे: दुसरीकडे नेलं, सरकारी रुग्णालयात. तिथल्या सिस्टरनं तिलाच विचारलं, "तुझी तू आलीयस ना?" आणि मला बाहेर बसवलं.