स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर वजनं उचलणं कधीपासून?

प्रश्न: स्लीव्ह ऑपरेशनला (वजन घटवण्यासाठी जठराचा मोठा भाग काढतात ते) ५ आठवडे झालेत. रोज ४० मिनिटं चालणं जमतं. डंबेल्स कधी सुरू करावेत? आणि आठवडाभर वजनाचा काटा हललेलाच नाही, तो का?

उत्तर १: साधारण ६ ते ८ आठवडे थांबा, तेही सर्जननी हो म्हटल्यावरच. आतले टाके भरण्याआधी पोटावर जोर पडला तर हर्निया होऊ शकतो. सुरुवात खुर्चीवरून उठ-बस, भिंतीवर पुशअप्स आणि रबर बँडने करा, आठवड्यातून २ दिवस. श्वास रोखून वजन उचलू नका. क्रंचेस (पाठीवर झोपून खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम) सगळ्यात शेवटी.

उत्तर २: प्रोटीन मोजता का? दिवसाला ६०–८० ग्रॅम नसेल तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. पाणी घोट घोट. गटागटा प्यायलं की मळमळतं. चालताना गरगरलं तर लगेच बसा. वारंवार झालं तर डॉक्टरांना सांगा, शरीरात पाणी किंवा रक्तातली साखर कमी पडत असेल.

उत्तर ३: काटा अडकणं अगदी नेहमीचं. रोज वजन करू नका (काटा छळतो नुसता!). कमरेचं माप घ्या, ध्येय 'आठवड्यात १५० मिनिटं' असं ठेवा. सोबतीला शस्त्रक्रिया झालेलाच कुणी शोधा, पण किलोंची तुलना नको. बायपास (हृदयाची नव्हे, वजन घटवण्यासाठीची जठर-आतड्याची शस्त्रक्रिया) आणि स्लीव्हनंतर वजन उतरण्याचा वेग सारखा नसतो.