मदत हवी आहे : वहीगायन करणाऱ्या काकांचं मानधन
नमस्कार मंडळी. आम्ही चोपडा तालुक्यातले. माझे काका ४० वर्षं वहीगायन (डफाच्या साथीने गायची खानदेशातली लोककला) करताहेत, वय ६८. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ कलाकार मानधन योजनेत महिन्याला ५,००० रुपये मिळतात. वयाची अट ५० आणि कलेतली १५ वर्षं, दोन्ही बसतात. अडलंय ते पुराव्यावर. रात्र रात्र डफ वाजवला, पण तेव्हा कोणी प्रमाणपत्र देत होतं का? मिळायचा तो नारळ आणि टोपी. अर्ज "पुरावे अपुरे" म्हणून परत आला. जळगाव-धुळ्याकडच्या कोणाचं मानधन मंजूर झालंय का? ग्रामपंचायतीचा दाखला, जुने फोटो, यात्रेची पत्रिका यांतलं निवड समितीने काय मान्य केलं? काकांचा आवाज अजून खणखणीत आहे. कृपया लवकर सांगा.