मदत हवी आहे: जुन्या पाम थ्रीएक्सईवर शब्दखेळ पुन्हा कसे चढवायचे?

मंडळी, माळा आवरताना बाबांचा पाम थ्रीएक्सई (हातात मावणारा छोटा संगणक) सापडला. २००० सालचा, ८ एमबी मेमरीचा. ट्रिपल-ए च्या दोन नव्या बॅटऱ्या घातल्या आणि चक्क सुरू झाला! पण आतलं सगळं पुसलेलं. या यंत्रात सगळं रॅममध्येच असतं, बॅटरी मेली की डेटाही गेला. त्यात बाबांचा झॉर्कचा (शब्दांत आज्ञा लिहून खेळायचा साहसी खेळ) अर्धवट डावही गेला, याचंच जास्त वाईट वाटतंय.

तो खेळ पुन्हा चढवायचाय. एवढं कळलंय की पायलटफ्रॉट्झ नावाचा इंटरप्रिटर (असे खेळ चालवणारा प्रोग्रॅम) लागतो आणि झेड-कोडची, म्हणजे खेळाची, फाइल पामच्या पीडीबी प्रकारात बदलून घ्यावी लागते. घोडं अडलंय ते पुढे. क्रेडल (पाम संगणकाला जोडायचा स्टँड) सिरियल पोर्टचं, माझ्या लॅपटॉपला फक्त यूएसबी. बाजारातून आणलेला कन्व्हर्टर लावला तर हॉटसिंक (पाम आणि संगणकातली डेटाची देवाणघेवाण) सुरू होतं आणि मध्येच तुटतं. वेग कमी करून पाहिला, फरक नाही.

कुणी लिनक्सवर पायलट-लिंक (पामशी जोडणी करणारं सॉफ्टवेअर) वापरून हे जमवलंय का? कोणत्या चिपचा कन्व्हर्टर चालतो? फाइल बदलायला कोणतं साधन वापरलंत?

इम्युलेटर (संगणकावरच पामची नक्कल करणारा प्रोग्रॅम) सुचवू नका प्लीज, तो चालवून झालाय. मजा स्टायलसने ग्राफिटीत (पामच्या खास सोप्या अक्षरांत) 'गो नॉर्थ' लिहिण्यात आहे. 'ए' म्हणजे आडवी रेघ नसलेला, उलटा 'व्ही'. बोटांना अजून आठवतंय!

जाता जाता, अॅनाग्रॅम किंवा हँगमनसारखा एखादा छोटा खेळ माहीत असेल तर तोही सांगा. १६० बाय १६० च्या काळ्या-करड्या पडद्यावर नीट दिसला म्हणजे झालं.