मदत हवी आहे: चुन्याची निवळी दुधाळ होऊन पुन्हा नितळ झाली

नमस्कार मंडळी,
मी आठवी-नववीला शिकवते. मूळ विषय गणित, पण यंदा विज्ञानाचे तासही माझ्याकडे आलेत. प्रयोग मुलांच्या हातूनच करून घ्यायचे असं ठरवलंय आणि कार्बन डायऑक्साइडपाशीच अडकले. (हा वायू चुन्याच्या निवळीत सोडला की ती दुधाळ होते, हीच त्याची ओळख.)

निवळी घरीच केली. पानाच्या टपरीवरचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, सकाळी वरचं पाणी गाळलं, सगळ्या गटांना पुरावी म्हणून त्यात दुप्पट पाणी घातलं. आम्ल टाकून वायू काढायला संगमरवर नव्हता, शाळेमागे शहाबादी फरशीचे (तीही चुनखडीचीच) तुकडे पडले होते ते घेतले. पहिल्या दिवशी फक्त विरल सल्फ्युरिक आम्ल हाताशी होतं. मिनिटभर फसफसलं नि बंदच पडलं.

दुसऱ्या दिवशी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल मिळालं. निवळी दुधासारखी झाली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. नळी तशीच आत राहिली आणि थोड्या वेळात पाणी पुन्हा नितळ! मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, मग तो कार्बन डायऑक्साइड नव्हताच का?" उद्या सांगते म्हटलंय. नळीतून आम्लाचे तुषार गेले असतील का? शाळेतल्या सामानात हे कसं तपासू?

प्रतिसाद १
ताई, पहिल्या दिवशी फरशीवर कॅल्शियम सल्फेटचा थर बसला. तो पाण्यात फारच कमी विरघळतो, त्यामुळे आम्ल आत पोचलंच नाही. कॅल्शियम क्लोराइड विरघळून जातं, म्हणून हायड्रोक्लोरिकने काम चालू राहतं.

आता निवळी. आधी कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका तयार होतो. वायू येतच राहिला की त्याचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. तुम्ही निवळी पातळ केली होती, म्हणून ती पूर्ण नितळ झाली. पण तुषारांची शंकाही रास्त आहे, कारण आम्लानेही साका विरघळतो. ते नितळ पाणी परीक्षानळीत उकळा. पुन्हा गढूळ झालं तर बायकार्बोनेट, कारण उकळल्यावर त्याचं परत कार्बोनेट होतं. आम्लाने विरघळलं असेल तर नितळच राहील.

प्रतिसाद २
वाहक नळीचं टोक बुचाच्या जरा खालीच ठेवा, आम्लात बुडू देऊ नका. वायू आधी खाण्याच्या सोड्याच्या द्रावणातून नेला तर आम्ल तिथेच अडकतं. उरलेल्या निवळीला घट्ट बूच लावा, हवेनेही तिच्यावर पांढरी साय धरते.

धागाकर्ती
आज उकळलं. परीक्षानळी चिमट्यात त्याच मुलीने धरली होती. आधी बुडबुडे आले, मग पाणी हळूहळू गढूळ झालं. ती म्हणाली, "आमच्या बोअरचं पाणी तापवलं की पातेल्याला असाच थर बसतो." तो हाच का?

प्रतिसाद १
हो ताई, बराचसा हाच. त्या थरावर लिंबू पिळायला सांगा, फसफसेल.