आधी भरती-ओहोटी ठरवा

टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळात, काल्पनिक देशांच्या डावात, किनाऱ्यावर उतरणाऱ्या बाजूला दुप्पट सैनिक दिले की सामना बरोबरीचा होतो, हे मला पटत नाही. खरी अडचण पाण्याची असते. नोव्हेंबर १९४३ मध्ये प्रशांत महासागरातल्या तारावाच्या बेटिओ बेटावर अपेक्षेइतकी भरती आलीच नाही. सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हिगिन्स बोटी प्रवाळाच्या कड्यावर अडल्या आणि अमेरिकी मरीन सैनिकांना गोळीबारात शेकडो मीटर पाणी तुडवत जावं लागलं. पट्ट्यांवर चालणारी उभयचर वाहनं तेवढी कडा ओलांडून गेली. म्हणून पाण्याच्या पातळीचा फासा पंचानेच टाकावा, आक्रमकाला न दाखवता. बोटीही मोजक्याच द्या. आधी तोफा न्यायच्या की पायदळ, इथेच खेळाडूचा कस लागतो! बचावाची राखीव तुकडी मात्र नकाशावरच राहू दे, टेबलावर मांडू नका.