'शाश्वत पुरवठा साखळी'ची मास्टर्स: आत खरंच काही शिकवतात की नुसती पाटी?

द्राक्षवाली_पिंपळगाव

नमस्कार मंडळी. मी पिंपळगाव बसवंतची. बीएस्सी ॲग्री झाल्यावर तीन हंगाम द्राक्षं निवडून, पॅक करून परदेशी पाठवणाऱ्या एका पॅकहाऊसमध्ये डॉक्युमेंटेशन बघतेय. फायटो (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला), शिपिंग बिल, व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरच्या वजनाचा कागद), रात्री साडेअकराला सीएचएचे (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटचे) फोन, सगळं. पप्पांचे दोन ट्रेलर आहेत, तेही जानेवारी ते एप्रिल याच मालाला लागतात. त्यामुळे घरी काय आणि ऑफिसात काय, एकच विषय: कंटेनर कुठवर आला?

२०२४ च्या हंगामात जहाजं तांबडा समुद्र सोडून आफ्रिकेला वळसा घालून जात होती, तेव्हाची गोष्ट. माल वेळेवर पोचेना म्हणून आधीच सगळे वैतागलेले, त्यात खरेदीदाराकडून एक एक्सेल आली. एक रकाना होता: पॅकहाऊस ते बंदर, टनामागे किती कार्बन. साहेब म्हणाले, "टाक काहीतरी." मी नेटवरून युरोपातल्या कुठल्यातरी ट्रकचा आकडा उचलला आणि चिकटवला. कोणी उलटून विचारलं नाही. मला मात्र ते अजून टोचतं.

मागच्या महिन्यात पप्पांची डायरी घेऊन एका फेरीचा हिशेब मांडला. रिकामा रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, बंदराजवळच्या यार्डातून उचलायचा, पिंपळगावला आणायचा, स्टफिंग करून (माल भरून) परत न्हावा शेवा बंदरात. एका बाजूला साधारण २२० किलोमीटर, त्यातलं येणं पूर्ण रिकामं, तेही कसारा घाट चढून. दोन्ही मिळून ११० लिटर डिझेल. ही झाली गाडी. वर रीफरला वीज देणारा जनसेट वेगळा, तो ताशी तीन लिटर पितो. त्या रात्री भरलेली गाडी सात तास चालली आणि एका यार्डाबाहेर अकरा तास उभी राहिली. म्हणजे जनसेटचे ५४ लिटर, आणि त्यातले ३३ नुसते उभं राहून. एकूण १६४ लिटर. लिटरला २.६८ किलो धरले तर ४४० किलो कार्बन डायऑक्साइड, आणि आत माल १३ टन. टनामागे ३४ किलो आले. मी चिकटवलेला आकडा याच्या निम्मासुद्धा नव्हता.

तेव्हापासून हेच रीतसर शिकावं असं डोक्यात बसलंय. लॉजिस्टिक्स आणि शाश्वत पुरवठा साखळी, अशा नावाच्या मास्टर्स आता बऱ्याच ठिकाणी दिसतात. त्यातलं 'शाश्वत' कितपत खरं असतं? ॲग्रीवालीला घेतात का? इथेच करू की बाहेर जाऊ? पप्पांचं म्हणणं, "गाडी भरायला आणि खाली करायला डिग्री कशाला लागते?" यावर मला अजून धड उत्तर देता आलेलं नाही.

एल्बेकाठचा_सांगलीकर

ताई, मी हँबुर्गमध्ये याच विषयाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इंजिनिअरिंग सांगलीत झालं. तुझी पोस्ट वाचून जरा लाज वाटली, कारण असा हिशेब मी पहिल्यांदा केला तो तिसऱ्या सत्रात, तोही पुस्तकातल्या काल्पनिक ट्रकचा.

आत काय असतं ते सांगतो. पहिलं वर्ष बरंचसं गणिताचं. साठा किती ठेवायचा याचं १९१३ मधलं हॅरिसचं सूत्र, लिनिअर प्रोग्रॅमिंग (मर्यादा सांभाळून कमीत कमी खर्च काढायचं गणित), मागणीचा अंदाज बांधणं, गाड्यांचे मार्ग ठरवणं. पहिल्याच आठवड्यात आमच्याकडून 'बिअर गेम' खेळून घेतला. चौघांची साखळी, दुकानदार ते कारखाना, एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डर पाठवायची. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच थोडी वाढते, पण प्रत्येकजण घाबरून जास्तीचं मागतो आणि कारखान्यापर्यंत त्याचा डोंगर होतो. प्राध्यापक समजावत होते आणि मला आमची आई दिसत होती, लासलगावला कांदा चढला म्हटल्यावर दोन किलोच्या जागी दहा किलो घेऊन येणारी!

'शाश्वत' भाग दुसऱ्या वर्षी येतो, आणि तो पाटीपुरता नाही, निदान आमच्याकडे तरी. वाहतुकीच्या उत्सर्जनाचा हिशेब कसा करायचा यासाठी २०२३ मध्ये आयएसओ १४०८३ हे मानक आलं. त्यात रिकामी फेरी मोजावीच लागते. तू घाट चढून आणलेला रिकामा डबा तुझ्याच द्राक्षांच्या नावे लागतो, आणि तू तो लावलास हे बरोबर केलंस. एक दुरुस्ती मात्र: २.६८ हा फक्त इंजिनात जळण्याचा आकडा. कच्चं तेल काढण्यापासून डिझेल टाकीत पडेपर्यंतचं वेगळं मिळवावं लागतं. म्हणजे तुझे ३४ अजून वाढतील. शिवाय रीफरमधून गॅस गळतो, तोही धरायचा.

बाकी कायदे. पुरवठादारांकडे कामगारांचे हक्क पाळले जातात का, हे कंपन्यांना बघायला लावणारा जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, आधी तीन हजारांवर कामगार असलेल्या कंपन्यांना, मग २०२४ पासून हजारांवरच्या. तुला आलेल्या एक्सेलसारख्या प्रश्नावल्या बऱ्याचदा असल्या दबावातून निघतात. इथे बसून त्या बनवणाऱ्यांनी पॅकहाऊस पाहिलेलं नसतं. वर्गात एकाने मला विचारलं होतं, "रिकामा डबा डोंगर चढून नेता कशाला, तिथेच ठेवत का नाही?" मी काय सांगणार!

ॲग्रीचं म्हणशील तर तुझी पदवी चार वर्षांची आहे, हे चांगलं. सांख्यिकी आणि अर्थशास्त्राचे क्रेडिट दाखवता येतील, ऑपरेशन्स रिसर्चचे (वर सांगितलेल्या गणिताचे) कमी पडतील. काही ठिकाणी त्यावरच अर्ज फेटाळतात, म्हणून अर्जाची फी भरण्याआधी प्रत्येक विद्यापीठाच्या अटी ओळ न् ओळ वाच. सरकारी विद्यापीठात बहुतेक राज्यांत शिकवणीची फी नाही, पण व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा) दाखवावे लागतात आणि एपीएसचं, म्हणजे भारतातली कागदपत्रं खरी असल्याचं, प्रमाणपत्र लागतं. जर्मन शिकून ये. वर्ग इंग्रजीत असला तरी गोदामातला फोरमन इंग्रजीत बोलत नाही.

कळंबोली_काका

पोरी, मी १९९४ ला क्लीनर म्हणून गाडीवर चढलो, आता स्वतःच्या चार गाड्या आहेत. तुझ्या पप्पांची बाजू घेणार होतो, पण ते ३३ लिटर वाचून थांबलो. आमच्या धंद्यात भाडं बोलतात, उभं राहिलेल्या गाडीचं डिझेल कोणी बोलत नाही.

माझ्या उघड्या गाड्यांना परतीला लोखंड मिळतं, दलालाला फोन केला की काम झालं. रीफरचं तसं नाही, डबा लाइनचा, म्हणजे जहाज कंपनीचा असतो. आता ऐक. परदेशी सफरचंद न्हावा शेवाला रीफरमधूनच उतरतं आणि बराचसा माल वाशीला रिकामा होतो. त्यातलं नाशिकच्या कोल्ड स्टोरेजला जे जातं, तो डबा तिथेच रिकामा होतो आणि मग रिकामाच घाट उतरून परत जातो. त्याच वेळी तुमचा रिकामा डबा घाट चढत असतो. कसाऱ्याला दोघे एकमेकांना हात करतात. तोच डबा तिथल्या तिथे द्राक्षाला का देत नाहीत, हे मी दहा जणांना विचारलं. एक म्हणतो पीटीआय, म्हणजे भरण्याआधीची तपासणी, कुठे करणार, कूलिंगचं मशीन तपासल्याशिवाय लाइन डबा देत नाही. दुसरा म्हणतो तो डबा त्या लाइनचा, तुमचं बुकिंग दुसऱ्या लाइनचं. तिसरा म्हणतो आतला वास. तिघांचंही खरं असेल, पण कागदावर मांडून कोणी दाखवलेलं नाही. तुझ्या कॉलेजात हे सोडवून देणार असतील तर जा. नाहीतर घरचे ट्रेलर सांभाळ.

पवईचा_पंखा

बाहेरच जायला हवं असं काही नाही. पवईचं नीटी हे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचं कॉलेज २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालं. तिथे ऑपरेशन्स आणि पुरवठा साखळीचा एमबीए आहे, सस्टेनेबिलिटी मॅनेजमेंटचा वेगळा आहे. कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. तुमच्या दारात नाशिकला सिंबायोसिसचं ऑपरेशन्सचं कॉलेज आहे, त्याला स्नॅप ही त्यांची प्रवेश परीक्षा. फी मात्र दोन्हीकडची पाहण्याआधी बसून घ्या.

द्राक्षवाली_पिंपळगाव

सगळ्यांचे आभार. काका, तुमची पोस्ट पप्पांना वाचून दाखवली. "कसाऱ्याला हात करतात" यावर ते इतके हसले की चहा सांडला. मग गप्प झाले आणि स्वतःहून म्हणाले की अशा दोन कोल्ड स्टोरेजना त्यांचा मित्र गाडी लावतो, त्याला विचारू.

सांगलीकर दादा, रिकामी फेरी माझ्याच नावे, हे कळल्यावर आधी राग आला. नंतर वाटलं, प्रबंधाला हाच विषय मिळाला तर दोन वर्षं वाया जाणार नाहीत. नाशिकला जर्मनचा वर्ग रविवारी असतो, या आठवड्यात चौकशी करते. कॅटचा फॉर्मही भरणार आहे, पप्पांना तेवढंच समाधान.

एक अडचण आहे. तीन हंगामांचा हिशेब काढायला बसले, तर पप्पांच्या २०२३ च्या डायरीत फेब्रुवारीच्या पानांवर डिझेलच्या शेजारी आईने दुधाचा हिशेब लिहिलाय, आणि कुठला लिटर कुठला ते दोघांनाही आठवत नाही. पंपाच्या पावत्या आहेत, पण बऱ्याच शाई उडून पांढऱ्या पडल्यात. फास्टॅगच्या नोंदींवरून फेऱ्या जुळवल्या आणि सरासरी काढून लिटर धरले, तर तुमचे प्राध्यापक ते चालवून घेतील का?